शवागारातला शिकाऊ पोरगा

"कागद टेबलावर ठेवतो, माझ्या हातातून कुणी घेत नाही." विशीतला पोरगा, शवागारात नवीनच शिकायला लागलेला, इतकं सहज बोलला की मला काही सुचेचना. ग्लोव्हज काढून, हात धुऊन आला होता तरी.

काम काय तर बॉडी ४ अंशांच्या आसपास ठेवायची, टॅग तपासायचा, पोस्टमॉर्टेमला मदत करायची आणि मग शिवून पुसून नीट करून द्यायची, म्हणजे घरच्यांना चेहरा बघवेल. शिकवणारा सिनियर फारसं बोलत नाही म्हणे. मित्रांना फक्त 'हॉस्पिटलात आहे' एवढंच माहितीये, डिपार्टमेंट विचारलं की हा विषय बदलतो.

बरं, तिथेच काम करणाऱ्या डॉक्टरशी मात्र आपण बिनधास्त हात मिळवतो, अजबच आहोत!

डबा खायला याच्यासोबत कोण बसत असेल?