तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या दिवशी एकट्याने काय जमलं पाहिजे?

परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांकडून आणि मुलांना बाहेर शिकायला पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांकडून एक प्रश्न नेहमी येतो. युरोपातलं पशुवैद्यकीय शिक्षण बदलतंय म्हणतात, म्हणजे नेमकं काय बदलतंय? नवे विषय आले का? आणि त्याच्या पाठोपाठ, जरा काळजीने: तिथे म्हणे गाईला हात न लावता डॉक्टर होता येतं, खरं का?

विषयांपुरतं सांगायचं तर फार काही बदललेलं नाही. युरोपीय संघाच्या २००५च्या निर्देशात पशुवैद्याच्या पदवीसाठी किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण सांगितलंय आणि सोबत विषयांची यादी जोडलीय. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्रापासून शल्यचिकित्सा, प्रसूती आणि मांसतपासणीपर्यंत सगळं त्यात आहे. काय शिकवायचं ते ही यादी सांगते. शिकलेल्याला काय करता आलं पाहिजे, ते तिच्यातून कळत नाही. बदल नेमका तिथे झालाय. कॉलेजांची तपासणी करणारी युरोपीय संघटना व्हिएन्नात आहे आणि तिने ‘पहिल्या दिवसाच्या क्षमतां’ची यादी केलीय. पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, शेजारी कुणी वरिष्ठ नसताना, या माणसाला काय जमायलाच हवं, याची ती यादी. किती तास शिकवलं याबरोबर काम येतं का, हेही आता विचारलं जातं.

याची गरज का पडली? युरोपातली पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये ल्योंला निघाली, ती घोड्यांसाठी आणि बुळकांडीने मरणाऱ्या गुरांसाठी. बुळकांडी जगातून गेल्याची घोषणा २०११ साली झाली. घोडा शेतातून आणि सैन्यातून त्याच्या कितीतरी आधी गेला. आज शहरातले कुत्रे-मांजरं पाहणाऱ्या दवाखान्यांकडे मोठा ओढा आहे. खेड्यातल्या गुरांसाठी, कत्तलखान्यातल्या तपासणीसाठी आणि सरकारी खात्यासाठी मात्र माणसं मिळत नाहीत. पदवी सगळ्यांची तीच, काम करण्याचा अधिकार सगळ्या प्राण्यांवर. पाच वर्षांची सहा झाली तरी सगळं मावत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या टप्प्यात लहान प्राणी, घोडे किंवा शेतीची जनावरं अशी दिशा निवडायला लावतात. माझ्या मते हे योग्यच आहे, फक्त ही निवड पाया पक्का झाल्यावर व्हायला हवी.

आता गाईला हात लावण्याचं. गाभण तपासणी शिकवणं फार अवघड, कारण गुदद्वारातून आत गेलेला हात शिक्षकाला दिसत नाही. विद्यार्थी म्हणतो, ‘सापडलं सर.’ काय सापडलं, ते त्यालाच ठाऊक. शिवाय एकाच गाईवर दहा जणांनी हात घातला तर आतलं अस्तर सोलवटतं आणि हातमोज्यावर रक्त दिसतं. शिकवण्यासाठीसुद्धा पर्याय असेल तिथे जिवंत जनावर वापरायचं नाही, हे तत्त्व युरोपीय संघाच्या २०१०च्या निर्देशात आहे. म्हणून कौशल्य प्रयोगशाळा आल्या. तिथे फायबरची पूर्ण मापाची गाय असते, आत रबरी गर्भाशय आणि बीजांडकोश. ब्रिटनमध्ये पशुवैद्य सारा बेली यांनी त्याच्या पुढचं यंत्र केलं. बोटावर चढवलेली टोपी संगणकाला जोडलेली असते. बोटाला स्पर्शाचा भास होतो आणि बोट कुठे टेकलंय ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं. ‘अजून खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या काठाशी. कडक नळीसारखं लागतंय ना? ते गर्भाशयमुख, तिथून पुढे जा,’ असं तो त्या क्षणी सांगू शकतो.

एवढं असूनही रबरी गाय हात दाबत नाही. खऱ्या गाईचं आतडं आकसलं की मनगट आवळलं जातं आणि काही मिनिटांत बोटं बधिर होतात. नवखा मुलगा त्या लाटेच्या विरोधात जोर लावतो आणि तिथेच इजा होते. लाट आली की हात सैल सोडून थांबायचं, ओसरली की पुढे जायचं. हे थांबणं फक्त गोठ्यात शिकता येतं. रबरी गाईचा खरा फायदा वेगळा आहे. बीजांडकोश मोठ्या बदामाएवढा लागतो आणि कुठे शोधायचा हे बोटांना आधीच माहीत असतं, त्यामुळे खऱ्या गाईपाशी मिळालेली पाच मिनिटं चाचपडण्यात जात नाहीत. तर हो, सुरुवात हात न लावता होते. पण जे कॉलेज शेवटही तिथेच करतं, तिथली पदवी कच्ची.

समाजाची गरज बदलली की शिक्षण कसं बदलावं लागतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला गाय आटवण्याच्या, म्हणजे वितण्याआधी तिचं दूध काढणं थांबवण्याच्या, कामात दिसतं. पूर्वी भाकड काळ सुरू होताना कासदाह होऊ नये म्हणून प्रत्येक गाईच्या चारही सडांत प्रतिजैविकाची नळी सोडायची, की विषय संपला. विद्यार्थ्याला नळी सोडता आली की पुरे होतं. जानेवारी २०२२पासून युरोपीय संघात पशुऔषधांचा नवा नियम लागू झाला. सरसकट प्रतिबंधासाठी प्रतिजैविक देता येत नाही, द्यायचं तर अपवाद म्हणून, एकेका जनावराचा धोका पाहून. म्हणजे आता आधी ठरवावं लागतं. नेदरलँड्समधल्या पशुवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनेत त्यासाठी आकडे आहेत. आटवण्याच्या आधीच्या सहा आठवड्यांतली दुधाची शेवटची तपासणी बघायची. पहिल्या वेताच्या गाईत दर मिलिलिटरला दीड लाख पेशी (कासेला संसर्ग झाला की दुधात या वाढतात) आणि पुढच्या वेतांत पन्नास हजार, ही सीमा. त्याखालच्या गाईला प्रतिजैविक नाही. नुसता सड बंद करणारा लेप भरला तरी चालतो.

आणि चुका इथेच होतात. प्रतिजैविक नसलेला लेप भरताना सडाचं टोक अस्वच्छ असेल, तर जंतू आपणच आत ढकलतो आणि दोन-तीन दिवसांत गाय तीव्र कासदाहाने आडवी होते. म्हणून क्रम पाठ करून घेतात. स्पिरिटच्या बोळ्याने आधी आपल्यापासून दूरचे दोन सड पुसायचे, मग जवळचे. दर सडाला नवा बोळा, आणि बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. लेप भरताना उलट, आधी जवळचे, मग दूरचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. नळीचं टोक अगदी थोडंसंच आत. सडाचं मूळ दोन बोटांनी दाबून धरायचं, कारण लेप सडातच राहायला हवा. प्रतिजैविकासारखा वर चोळायचा नाही. मग ‘इतकी वर्षं सगळ्यांना देत होतो, आता का नको’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आकडे दाखवून समजावायचं. औषधशास्त्र, नियम, हाताची सफाई आणि बोलणं, चारही या एका कामात लागतात. संवादकौशल्याचा वेगळा तास लावून ते साधत नाही. अभिनेत्यांना शेतकरी किंवा कुत्र्याचे मालक बनवून सराव घेतात तो उपयोगी आहे, पण त्यातही हातात खरी केस हवी.

हे सगळं जमतं की नाही, ते मोजायचं कसं? उट्रेख्टने वर्षअखेरच्या एका परीक्षेवरचा भार कमी केला. प्रत्यक्ष काम करताना अनेकांनी घेतलेल्या छोट्या छोट्या नोंदी साठवायच्या, एकाही नोंदीवर पास-नापास नाही, निर्णय सगळ्या नोंदी एकत्र पाहून समिती घेते. कल्पना उत्तम आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी. वरिष्ठ डॉक्टर कामाच्या रगाड्यात आठवडाअखेरीला आठवून ‘चांगलं’ एवढंच लिहितात, आणि विद्यार्थी जे आधीच येतं त्याचीच नोंद मागतात. ‘टाके समान अंतरावर आले, गाठ सैल राहिली’ असं त्याच दिवशी लिहिणारा एक वरिष्ठ दहा रकान्यांच्या फॉर्मपेक्षा मोलाचा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्गला म्हशींच्या कळपात लाळ्या-खुरकूत सापडला. त्याआधीचा तिथला शेवटचा उद्रेक १९८८चा. मधल्या सदतीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या जर्मन पशुवैद्याला तो आजार स्वतःच्या देशात पाहायलाच मिळाला नाही. युरोपातल्या पशुवैद्यांना तो ओळखता यावा म्हणून त्यांना केनियातल्या गोठ्यांत नेऊन शिकवलं जातं: फोड ताजा की फुटलेला, जखमेची कड धारदार की भरत आलेली, त्यावरून आजार किती दिवसांचा. लम्पीचंही तसंच, २०२५ साली तो इटली आणि फ्रान्समध्ये पोचला. महाराष्ट्रात हे दोन्ही आजार पाहिलेल्या विद्यार्थ्याची नजर तिथे खरंच कमी सापडते.

तिकडे शिकायला जायचंच असेल, तर हंगेरीतलं बुडापेस्ट, स्लोव्हाकियातलं कोशित्से, चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो, पोलंडमधलं व्रोत्सवाफ इथे इंग्रजीतून पदवी होते. शुल्काच्या आधी कॉलेजला विचारा: व्हिएन्नाच्या संघटनेची मान्यता आज पूर्ण आहे का? गोठ्यावर जाणाऱ्या एका गाडीत विद्यार्थी किती बसतात? रात्रपाळी प्रत्येकाला आहे का, आणि रात्री अडलेली गाय आली तर वासरू ओढायचा दोर कोणाच्या हातात असतो? परत येऊन इथे काम करायचं असेल, तर भारतीय पशुवैद्यक परिषदेकडून त्या पदवीबद्दल लेखी उत्तर घ्या, आणि तेही प्रवेशाचे पैसे भरण्याआधी.