आमची वाटचाल : कॅमेरा भाड्याने, शिस्त फुकट

सुरुवात केली तेव्हा पाण्याखालची फोटोग्राफी म्हणजे मोठा एसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), दोन स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, लेन्सपुढे घुमटासारखी काच म्हणजे डोम पोर्ट, असा सगळा थाट होता, नवख्याने लांबूनच बघायचं. आम्ही साधे कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणारे कॅमेरे हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या डबीत, घालून भाड्याने द्यायला लागलो तर लोक हसले. पण छातीभर पाण्यात स्नॉर्कल लावूनही फोटो मस्त येतात, उलट तिथे ऊन भरपूर आणि लाल रंग शिल्लक असतो. पाचेक मीटर खाली गेलं की पाणी लाल रंग गिळतं, सगळं निळं-हिरवं दिसतं आणि लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात. आधी पांढरी पाटी दाखवून त्या खोलीवर व्हाइट बॅलन्स सेट करा, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला शिकवा, मग बोला.

मधली वर्षं बरी गेली. मग पार्टनर फुटला. ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंग घट्ट बंद करणाऱ्या रबरी कड्यावर, अडकलेला एक केस पण हाउसिंग बुडवतो, तो बोट फिरवून कसा हुडकायचा हे ज्याला मी शिकवलं तोच शेजारी दुकान टाकून बसला आणि बोर्ड काय लावला, तर 'फोटोची गॅरंटी'! गॅरंटी कशी, तर पाव टाकून मासे गोळा करायचे, सीहॉर्सला काडीने ढोसून कॅमेऱ्याकडे वळवायचं. आमच्याकडे ब्युऑयन्सी, म्हणजे पाण्यात वरखाली न होता तरंगत राहणं, जमेपर्यंत कॅमेरा मिळत नाही, प्रवाळाला हात नाही, तळावर गुडघे टेकायचे नाहीत. गिऱ्हाईक कुठे जाणार सांगा? सगळं तिकडे. भाडं थकलं, स्ट्रोब विकले, एक सीझन तर दुकानाचं शटर अर्ध्यावरच होतं. तेव्हा कोणी विचारायलाही आलं नाही, हे लक्षात आहे.

आल्या त्या फक्त मावशी. रिटायर झालेल्या, पहिल्यांदा आल्या तेव्हा मास्कमध्ये पाणी गेलं की घाबरायच्या. पण दर सीझनला त्याच एका प्रवाळाचा त्याच बाजूने फोटो काढणार, वहीत तारीख, खोली, पाण्याचं तापमान लिहिणार. एका वर्षी पाणी कित्येक आठवडे तापलेलं राहिलं आणि त्यांच्या फोटोत तो प्रवाळ पांढराफटक. मेला नव्हता, आतलं शेवाळ बाहेर टाकलं होतं एवढंच, पण ते शेवाळच त्याला बहुतेक अन्न पुरवतं, तापमान उतरलं नाही तर उपाशी मरतो. पुढच्या सीझनला एका बाजूला रंग परतला, दुसरी बाजू मेली, तिच्यावर दुसरंच झुपकेदार शेवाळ चढलं. हे सगळं साध्या कॉम्पॅक्टवर टिपलंय बरं का. ते फोटो ओळीने दुकानात लावले आणि माणसं थांबून बघायला लागली, विचारायला लागली, आम्हालाही असं करता येईल का. तिथून गाडी परत रुळावर आली.

आता कोणी विचारलं नाहीये तरी सांगतो. झूम करू नका, जवळ जा. कॅमेरा आणि माशाच्या मध्ये पाणी जितकं जास्त तितका फोटो फिका, आणि स्ट्रोब लेन्सला चिकटून ठेवलात तर गाळाचे कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके. आणि जवळ जा म्हणजे मासा पळेल इतकं नव्हे, तो लपायला लागला की मागे व्हा. बाहेर आल्यावर हाउसिंग न उघडता गोड्या पाण्यात बुडवा, आतच प्रत्येक बटण दाबत राहा, नाहीतर मीठ वाळून बटण अडकतं आणि मग दोष आमच्या कॅमेऱ्याला.

शेजाऱ्याने परवा नवीन पाटी लावली, 'प्रवाळाला हात लावू नये'. आमचेच नियम, त्याच क्रमाने, पेंटरही आमचाच. वर गॅरंटीचा बोर्ड मात्र अजून तसाच आहे.