बाकी शून्य, वापर ८१ टक्के

"अहो, दर महिन्याला पूर्ण बिल भरते मी. व्याजाचा एक पैसा कधी लागला नाही. मग नाकारलं कशावरून?" नकाराचं पत्र टेबलावर सरकवत बाईंनी विचारलं. पत्रात कारण एका ओळीचं होतं: वैयक्तिक कार्डांच्या मर्यादेचा जास्त वापर. पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा त्यांचा धंदा सहा वर्षांचा आणि नफ्यातला. बिझनेस क्रेडिट कार्डासाठी हा पहिलाच अर्ज होता.

अशा फायली मी रोज तपासते, पण इतकी स्वच्छ फाइल नाकारली गेलेली क्वचितच पाहिली. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालात, तीन कार्डं होती. मर्यादा २,००,०००, १,५०,००० आणि ५०,०००. शिल्लक, म्हणजे भरायची बाकी, १,८४,०००, ९६,००० आणि ४४,०००. म्हणजे ४,००,००० पैकी ३,२४,०००, थेट ८१ टक्के. उशिरा भरल्याची नोंद एकही नाही.

मी रिपोर्टमधल्या तारखांशेजारी त्यांची स्टेटमेंटं ठेवली, तेव्हा घोळ दिसला. कार्ड देणारी बँक ब्युरोला, म्हणजे हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेला, बहुतेक वेळा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची शिल्लक कळवते. बाई भरायच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे त्यानंतर अडीच आठवड्यांनी. कागद, गोंद, शाई, सगळी खरेदी वैयक्तिक कार्डांवर. त्यामुळे दर महिन्याला ब्युरोकडे फोटो जायचा तो मर्यादेच्या जवळ गेलेल्या कार्डांचाच.

धंद्याच्या कार्डाला मालकाचा रिपोर्ट का बघतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न. लहान धंद्याच्या कार्डावर सहसा मालकाची वैयक्तिक हमी असते. धंदा बुडाला तर वसुली मालकाकडून. रिपोर्टवरून गुण देणाऱ्या फायको या अमेरिकी कंपनीच्या गुणांकनात वेळेवर परतफेडीला सुमारे ३५ टक्के वजन आहे, तर देणं किती या घटकाला सुमारे ३०. मर्यादेचा वापर या दुसऱ्या घटकात येतो. ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवा असं सर्रास सांगतात. अर्जाच्या आधी मी तो १० च्या आत आणायला सांगते.

उपाय सोपा: स्टेटमेंटच्या तारखेआधी पाच दिवस रक्कम भरायची. अडचण पहिल्याच महिन्यात येते. मागचं बिल आणि चालू महिन्याची खरेदी, दोन्हींचे पैसे आठवडाभराच्या अंतराने बाहेर जातात. बाईंनी त्यासाठी कागदाची एक मोठी ऑर्डर पुढे ढकलली. हाताशी पैसे नसतील आणि बाकी खरोखरच महिनोन्‌महिने साचलेली असेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे आधी कर्ज उतरवावं लागतं, नाहीतर ठेवीवर मिळणारं कार्ड बघावं लागतं.

तरीही एक चूक झालीच. लहान कार्डाचे पैसे त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी भरले, स्टेटमेंट रविवारी निघालं आणि रक्कम जमा झाली सोमवारी. नवा रिपोर्ट आला तो असा: १२,०००, ९,००० आणि पुन्हा ४४,०००. "एकूण तर १६ टक्केच आहे, करू या की अर्ज," त्या म्हणाल्या. मी थांबवलं. एकूण वापराबरोबर प्रत्येक कार्डाचा वापरही पाहिला जातो, आणि इथे एक कार्ड ८८ टक्क्यांवर होतं. शिवाय दुसरा अर्ज म्हणजे रिपोर्टवर बँकेच्या चौकशीची आणखी एक नोंद.

पुढच्या महिन्यात तिन्ही मिळून २४,०००, म्हणजे ६ टक्के. गुणांकनाची जुनी मॉडेल्स फक्त ताजा आकडा बघतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो. फायको १० टी आणि व्हँटेजस्कोर ४.० ही नवी मॉडेल्स मात्र मागच्या २४ महिन्यांचा कलही बघतात. ती वापरणाऱ्या बँकेकडे एका चांगल्या महिन्याने पूर्ण काम होत नाही. अर्जात लिहिलेली उलाढाल चालू खात्यातल्या जमा रकमांशी जुळते का, तेही ओळ न्‌ ओळ तपासलं. या वेळी कार्ड मंजूर झालं.

अर्जाआधीच बँकेकडून एक गोष्ट लेखी घेतली होती: या कार्डाची शिल्लक वैयक्तिक ब्युरोला कळवणार का? काही बँका कळवतात, काही फक्त हप्ते थकल्यावर. ही दुसऱ्या प्रकारातली निघाली, म्हणून कागदाची खरेदी लगेच तिकडे वळवली.

जाताना बाई म्हणाल्या, "आता ते लहान कार्ड बंदच करून टाकते." नको म्हटलं. ते गेलं की एकूण मर्यादेतले ५०,००० जातात, आणि तेवढाच खर्च टक्केवारीत मोठा दिसायला लागतो.