झांक्यांची रात्र आणि वसुलीची यादी

इंदूरला लोकल केबलवर बातम्या देणाऱ्या बाईला लोक फार लवकर घरातली समजायला लागतात. सराफ्यात भुट्ट्याचा कीस घ्यायला उभी राहिले तरी कुणीतरी येऊन सांगायचं, "ताई, आमच्या गल्लीतलं ड्रेनेज एकदा दाखवा की!" ही ओळख बघूनच मालकांनी २०१९ मध्ये मला कॅमेऱ्यासमोरून उठवलं आणि नेटवर्कचं प्रमुख केलं. समजावताना त्यांनी रजत शर्मांचा दाखला दिला. पडद्यावर मुलाखती घेणाऱ्या माणसाने २००४ मध्ये इंडिया टीव्ही काढला, मग तुम्हाला काय अवघड आहे? त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं होतं, मला दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायचं होतं, हा फरक माझ्या मनात आला. तरी हो म्हटलं. पगार चांगला होता, आणि चाळिशी ओलांडलेल्या निवेदिकेला आपल्याकडे पुढचं काम सहसा कुणी विचारत नाही.

त्या वर्षी धंद्याचं गणितच बदललं होतं. १ फेब्रुवारीपासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरप्रणाली आली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनलचे पैसे वेगळे. पूर्वी गल्लीतला ऑपरेटर, म्हणजे आमच्या वाहिन्या घराघरांत पोचवणारा केबलवाला, घरोघर ठोक रक्कम गोळा करायचा आणि आम्हाला कनेक्शनमागे ठरलेले पैसे द्यायचा. कनेक्शनं किती, तर तो सांगेल तेवढी. २०१३ मध्ये इंदूरला सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि ही लपवाछपवी आटोक्यात आली. आता तर वाटणीसुद्धा कागदावर होती: आपसात जमलं नाही तर त्या १३० मधले ५५ टक्के आमचे, ४५ ऑपरेटरचे. शिवाय आम्ही प्रीपेड वॉलेट सुरू केलं होतं. ऑपरेटरने आधी आमच्याकडे पैसे भरायचे, तरच त्याच्या घरांतले बॉक्स चालू. ग्राहक मात्र महिना संपल्यावर, तेही दोनदा "उद्या या" म्हणून, पैसे देणार. मधला खड्डा ऑपरेटरने स्वतःच्या खिशातून भरायचा.

हे सगळं ऑपरेटरांना सांगायचं काम माझं. मी मीटिंग घ्यायचे, ते चहा प्यायचे, "ताई, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीचं तुमचं कव्हरेज काय होतं!" म्हणायचे आणि उठून जायचे. कुणी आवाज चढवत नसे. खरी चर्चा खाली पानाच्या टपरीवर व्हायची, शिव्यांसकट, आणि ती आमचा ऑफिसबॉय मला इमानदारीने वर आणून ऐकवायचा. जीएसटी आणि पंचावन्न-पंचेचाळीस मी तीन कॉलममध्ये पाठ केलं होतं. त्याचा टपरीवर शून्य उपयोग.

अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला आली. बाहेरच्यांसाठी सांगते: इंदूरला त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, झांक्या मात्र कामगार दरवर्षी वर्गणी जमवून उभ्या करतात. चिकमंगळूर चौक, जेलरोड, नंदलालपुरा, जवाहर मार्ग करत पहाटेपर्यंत राजवाड्याकडे सरकत राहतात. गर्दीत जाणं ज्यांना जमत नाही ते घरी केबलवर बघतात. डीटीएचवर जगातलं सगळं दिसतं, पण मालवा मिलची झांकी दिसत नाही. आमचं गिऱ्हाईक छत्रीवाल्यांकडे पळत नव्हतं ते बहुतांशी अशा दोन-तीन रात्रींमुळे.

एरवी मी कृष्णपुऱ्याच्या मंचावर माईक घेऊन असायचे. त्या वर्षी हेडएंडला होते. हेडएंड म्हणजे सगळ्या वाहिन्या जिथून केबलवर सोडतात ती थंडगार खोली, रॅकमध्ये एकावर एक रिसीव्हर, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून स्केचपेनने लिहिलेलं वाहिनीचं नाव. कोपऱ्यात ग्राहकांच्या हिशेबाचं कॉम्प्युटर. त्यावर नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा, स्वेटर घालून.

सातच्या सुमाराला मालकांचा फोन. "यादी पाठवली आहे. सगळ्यांचं वॉलेट मायनसमध्ये आहे. नऊला बंद करा. आज ही तो दबेंगे।"

मुलाने यादी उघडली. ऑपरेटरचं नाव, एरिया, बॉक्सची संख्या, आणि शेवटी लाल अक्षरांत बाकी. जेलरोड, रामबाग, जवाहर मार्गाच्या मागच्या गल्ल्या, म्हणजे नेमका झांक्यांचा पट्टा. वरच्या चौकोनात एक टिचकी मारली की सगळी नावं एकदम निवडली जातात. त्याने ती मारली होती, आणि माउसवरून हात काढून तो माझ्याकडे बघत होता.

मी मालकांना विचारलं, "नोटीस दिली आहे का? नियमाप्रमाणे तीन आठवडे आधी लेखी द्यावी लागते." ते म्हणाले, वॉलेट संपलं की बॉक्स आपोआप बंद होतो, त्याला नोटीस कसली? आजवर चालू ठेवले ती मेहेरबानी. यात तथ्य नव्हतं असं नाही. यादीतल्या काहींनी ग्राहकांकडून पैसे घेऊन भलतीकडेच लावले होते, हे मलाही माहीत होतं. पण ज्या घरात पडदा काळा होणार होता त्या घराने पैसे दिलेले होते.

मग व्हॉट्सअॅपवर दुसरा मेसेज आला. मजकूर हिंदीत, नीट टाइप केलेला: "प्रिय दर्शकों, आपके केबल ऑपरेटर ने भुगतान नहीं किया है, इसलिए..." आणि खाली सूचना: तुमच्या आवाजात, तुमच्या चेहऱ्याने रेकॉर्ड करा, बंद झालेल्या बॉक्सवर हेच चालवायचं, लोक तुमचं ऐकतात.

तेव्हा मला माझ्या नेमणुकीचा उलगडा झाला. मालकांना प्रमुख नकोच होता. त्यांना निवेदिका हवी होती, ऑपरेटरांपुढे दरवाढ वाचून दाखवणारी, ग्राहकांपुढे ऑपरेटरचं नाव घेणारी. केबिन, गाडी, पाटी हा सगळा मेकअप. मीटिंगमध्ये मी जे बोलत आले ते माझं बोलणं नव्हतंच, फक्त टेलिप्रॉम्प्टर दिसत नव्हता.

आठ वाजता यादीतले पाच-सहाजण जिना चढून आले. यादी फुटली होती. त्यांत जेलरोडचे काका होते, नव्वदच्या दशकात व्हीसीआरवर सिनेमे लावून केबल सुरू केलेला माणूस. काखेत रबरबँड लावलेलं पावतीपुस्तक. आज कव्हरेजची तारीफ नव्हती.

"ताई, बंद करणार असाल तर आत्ता सांगा. रात्री पोरं माझ्या दारावर दगड मारतील, तुमच्या नाही."

"काका, तुमची बाकी जूनपासूनची आहे."

"आहे ना. नाही कोण म्हणतंय? पण वसुलीचा हिशेब कुणी विचारला? तुम्ही दर वेळी भाषण देता, आम्ही ऐकतो. जेलरोडवर किती दुकानं बंद झाली, किती भाडेकरू बॉक्स घेऊन पळाले, कधी विचारलंत?"

त्यांनी पावतीपुस्तक टेबलावर उघडलं. बऱ्याच पावत्यांवर रक्कम लिहिलेली, पण 'अर्धे', 'दिवाळीला', 'मुलगा देईल' असे शेरे. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रकाना नव्हता.

मी मालकांना फोन लावला, सगळ्यांसमोर. म्हटलं, व्हिडिओ मी करणार नाही. बंद करायचं तर तसा लेखी आदेश तुमच्या सहीने पाठवा, मी तो फाइलला लावते आणि त्यावर नोटीस दिली नव्हती असा माझा शेरा मारते. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग "ठीक है, सोमवार तक" म्हणून फोन ठेवला. सही कुणालाच करायची नसते. मुलाने चौकोनातली टिचकी काढली आणि चहा सांगायला गेला.

त्या रात्री हुकुमचंदची झांकी पडद्यावर आली तेव्हा ऑपरेटर अजून माझ्याच केबिनमध्ये बसून होते. १९९१ ला गिरणी बंद झाल्यापासून कामगार स्वतःच्या थकबाकीसाठी कोर्टात होते. ती त्यांना मिळाली २०२३ च्या डिसेंबरात. काकांचा मोठा भाऊ त्यांतलाच. "दादा तिकडे गाडीबरोबर चालतोय," ते म्हणाले, "आणि मी इथे तुमची बाकी ऐकतोय." यावर मी काही बोलले नाही.

उजाडायच्या सुमाराला भोपाळहून बातमी आली: खटलापुरा घाटावर विसर्जनाची नाव उलटली. अकरा जण गेले. मंचावरचा नवा मुलगा अजून झांक्यांच्याच सुरात होता. मी त्याच्या कानात सांगून निवेदन थांबवलं, बातमी स्वतः लिहून दिली आणि त्यालाच वाचायला लावली.

सोमवारपर्यंत यादीतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी पैसे भरले. दोघे दुसऱ्या नेटवर्ककडे गेले, त्याचं खापर माझ्यावर फुटलं. मी मालकांना लेखी दिलं, की बॉक्स बंद करण्याचा अधिकार प्रमुखाच्या सहीशिवाय वापरला जाऊ नये. उत्तर आलं, "बघू." पुढच्या महिन्यात वसुलीचं खातं त्यांच्या जावयाकडे गेलं. मला पाटी, गाडी आणि मंचावरचा माईक परत देऊ केला. मी गाडी सोडली, माईक घेतला.

काकांनी अर्धी बाकी भरली होती. उरलेल्या अर्ध्यासाठी ते जावयाकडे न जाता माझ्याशीच भांडायला आले, या वेळी नातवाकडून सगळा हिशेब एक्सेलमध्ये करून घेऊन.