आमची वाटचाल: पाच चुली आणि एक निळी वही

शुक्रवार पेठेत १९९८ साली स्टुडिओ टाकला. पहिली बारा वर्षं लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो. घर चाललं, त्याबद्दल आणखी काय लिहायचं! २०१० पासून दर ऑक्टोबरात आम्ही उत्तराखंडातल्या मुनस्यारी या डोंगरगावाला फोटोटूर नेतो. तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा भागीदार. नाव लिहीत नाही.

२०१३च्या जूनमध्ये उत्तराखंडात पूर आला. केदारनाथ सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गोरीगंगा नदीनंही मुनस्यारीकडचे रस्ते खाल्ले, हे पुण्यात कुणाला ठाऊक? ऑक्टोबरची चौदा बुकिंगं आठवड्याभरात रद्द. गाड्यांना, हॉटेलला मी आगाऊ देऊन बसलेलो. लोकांचे पैसे फेडायला माझी लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स विकली. ट्रायपॉड नाही विकला. त्याच दिवाळीत भागीदार वेगळा झाला आणि जाताना गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही घेऊन गेला. निळ्या रेक्झिनची, पानन्‌पान माझ्या अक्षरातलं. फेब्रुवारीत माझ्याच गिऱ्हाइकांकडे त्याचं पत्रक: ‘सूर्योदयाला सोन्याची पंचाचुली’.

मुनस्यारी पाहिलेला माणूस इथं हसेल. पंचाचुली म्हणजे पाच बर्फाळ शिखरं, गावाच्या पूर्वेला. सकाळी सूर्य शिखरांच्या मागून येतो, फ्रेममध्ये नुसती काळी कड. पांडवांच्या या पाच चुली पेटतात संध्याकाळी, सूर्य आपल्या पाठीमागे उतरताना. ६,९०४ मीटरच्या सर्वांत उंच चुलीवरचा गुलाबी रंग जाईपर्यंत हातात मोजून काही मिनिटं.

त्या चौदांपैकी एकट्या मिरजेच्या बाईंनी पैसे परत घेतले नाहीत. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. फोनवर म्हणाल्या, “राहू द्या तुमच्याकडंच. डोंगर काय पळून जातोय?” त्यांचा कॅमेरा निकॉन एफएम२, जुना फिल्मचा. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, शटर तिच्याविना चालतं. थंडीत आमचे डिजिटलवाले बॅटऱ्या काखेत धरून फिरतात, तेव्हा बाई आरामात खटाखट.

विषय निघालाच आहे तर सांगतो. बर्फ मीटरच्या भरवशावर सोडलं तर राखाडी येतं. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. संध्याकाळी शिखर उजेडात आणि दरी अंधारात असते, तिथं ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वर गडद आणि खाली स्वच्छ असा फिल्टर, हवाच. उंचीवर पोलरायझर (चमक कापणारा, फिरवायचा फिल्टर) पूर्ण फिरवू नका, आकाश शाई सांडल्यासारखं होतं. थंडीतून खोलीत येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. आणि ट्रायपॉडवर पैसे वाचवू नका. लोक लाखाची कॅमेरा-बॉडी घेतात आणि ती काटक्यांवर उभी करतात!

२०१४ला आम्ही फक्त पाच जण गेलो. नेमकं त्याच हॉटेलात भागीदाराचं टोळकं. पहाटे चारला गच्चीवर वीस माणसं कुडकुडत उभी. बाई चहाचा पेला घेऊन वर गेल्या आणि वर्गात विचारावं तसं एकाला विचारलं, “बाळ, आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे?”

“पूर्वेला.”

“मग सूर्य कुणाच्या मागनं येणार?”

भागीदार ट्रायपॉडचा स्क्रू आवळत राहिला, वर बघेना. संध्याकाळी त्यातले तिघं आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. मी सरकून जागा दिली.

वही अजून परत आलेली नाही.