दही सेट होतं की लागतं?

सकाळी बायको म्हणाली, "दही अजून सेट नाही झालं." आई आतून, "अगं, दही लागतं! सेट काय होतंय!"

दुपारी तुळशीबागेतून सहा ग्लासांचा सेट आणला. खोक्यात पाचच निघाले. परत गेलो तर उत्तर, "पाचाचाही सेटच असतो." (यावर काय बोलणार?)

संध्याकाळी शेजारच्या काकू, "भाचा सेट झाला का?" तो बिचारा पुणे विद्यापीठ घेतं त्या सेट परीक्षेला बसलाय. सेट सुटली तर प्राध्यापकीला पात्र, मग सेट!

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, क्रियापदाचेच ४३० अर्थ. पुढे 'रन'नं ६४५ काढून मागे टाकलं.

रात्री आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. "लागलं बघ."