मावशीचा पीसी, पाचवा रविवार

मावशीचा पीसी आपोआप रिस्टार्ट काऊन होते, ते सापडलं एकदाचं. मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोक लिहिलं होतं की एसएमपीएसच (पीसीचा पॉवर सप्लाय) गेला आहे, ते विसरा. एसएमपीएस निर्दोष आहे बिचारा.

आठवत नसेल त्यांच्यासाठी: नागपूरच्या महाल भागातली मावशी, फोर्थ जेनचा आय-थ्री प्रोसेसर, एच-81 मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-थ्री रॅम, आणि एसएसडी मीच टाकून दिलेली, म्हणून त्या डब्याला शिंक जरी आली तरी ते "तूच बसवलं होतं नं" होते. एप्रिल लागल्यापासून दुपारी एक ते चारच्या मध्ये आपोआप रिस्टार्ट. ब्लू स्क्रीन नाही, बीप नाही, काका सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये टाकून राहिले आणि मध्येच फट्कन काळं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर 41, म्हणजे मशीन नीट बंद न होता बंद झालं, हे तं काकांनाही दिसून राहिलं होतं.

पहिल्या रविवारी मी उन्हावर ढकललं. बाहेर 44 डिग्री, कॅबिनेटमध्ये धुळीची गोधडी. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, लोडवर टेम्परेचर चांगलं खाली आलं, मी खुश, सोमवारी दुपारी फोन. दुसऱ्या रविवारी रॅम: खोडरबरने पिना घासल्या, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम), एकही एरर नाही. तिसऱ्या रविवारी बर्डीच्या बाजारातून नवा एसएमपीएस आणला. (जुन्यावर 450 वॅट लिहिलं आहे पण वजन मुरमुऱ्याच्या पुडक्याइतकं, त्यामुळे माझा संशय अगदीच वायफळ नव्हता.) पुन्हा तेच. मग वैतागून अख्खं मशीन स्कूटीच्या पायदानावर ठेवून त्रिमूर्तीनगरला घरी आणलं आणि नऊ दिवस दिवसरात्र चालवलं, एकदाही बंद पडलं नाही! पोट्ट्याला डॉक्टरकडे नेलं की ताप उतरते, तसलं काम. परत नेऊन लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मावशीचा फोन, "बाबू, ते पुन्हा गेलं रे."

खरं तं तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की मशीन चांगलं आहे, घर बिघडलं आहे. पण आपण कॉम्प्युटर पाह्यला जातो नं, तं कॉम्प्युटरच पाहतो.

पाचव्या रविवारी मी स्क्रूड्रायव्हर पिशवीतून काढलाच नाही. पन्ह्याचा ग्लास घेतला आणि नुसता बसून राहिलो. दोन तास काही नाही. मग नळ आला म्हणून मावशी उठली, जाता जाता कूलरचं बटण बंद केलं. टक. आणि पीसी रिस्टार्ट.

"मावशी, परत लाव बरं."
"काऊन?"
"लाव तं."

दहा वेळा चालू-बंद केलं, तीन वेळा पीसी पडला, एकदा नुसता माऊस मेला, यूएसबी काढून घालावी लागली. मी अनवाणी होतो, फरशी ओली होती, हात कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लागला आणि मुंग्या आल्या. मी झटकन हात मागे घेतला, तं मावशी अगदी शांतपणे म्हणते, "ते कूलरलेही येते. म्हणून मी चप्पल घालून पाणी भरते."

"अगं मग सांगितलं काऊन नाही!"
"तू कॉम्प्युटर पाह्यला येत होता नं."

माझं पन्हं तिथंच थांबलं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात येते, आणि मी महिनाभर त्या कूलरच्या वाऱ्यात बसून रॅमच्या पिना घासून राहिलो होतो.

कूलरचा प्लग आधी काढला. मग मल्टिमीटर. माझा तो पिवळा स्वस्तातला आहे, सगळे हसतात त्याला, पण ह्या कामाला तो पुरे. फेज-न्यूट्रल 226, बरोबर. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट पाहिजे, आले 61. म्हणजे तिसरी पिन आहे, हिरवी वायर आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. आता गंमत अशी की वायर जमिनीला लागलेली नसली तरी घरातल्या सगळ्या तीन पिनवाल्या वस्तू एकमेकींना तं जोडलेल्या राहतातच नं. कूलरच्या पत्र्यावर आलेला करंट त्याच वायरने सरळ पीसीच्या कॅबिनेटवर, आणि मोटर बंद होताना जो झटका बसते तोही जिरायला दुसरी जागाच नाही. माझ्या घरी अर्थिंग बरं, म्हणून तिथं मशीन गुणी बाळ.

काकांना विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? काका म्हणे अंगणात, मी दर उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी टाकायचो त्यात. मग यंदा? काका थोडे गप्प. दिवाळीला अंगणात टाइल्स बसवल्या, त्याच्याखाली गेला.

पुढचं काम मी केलं नाही, इलेक्ट्रिशियन बोलावला, आणि तुम्हीही इथं शहाणपणा करू नका. त्यानं फेज आणि अर्थच्या मध्ये 60 वॅटचा बल्ब लावून दाखवला, नुसती तार लालसर झाली, बस; अर्थ धड असतं तं बल्ब पूर्ण पेटला असता. बुधवारी टाइल फोडली. आतली माती पांढरी, भुसभुशीत, चिमटीत धरली तं उडून गेली. मीठ-कोळसा नव्यानं भरला, पाणी सोडलं, संध्याकाळी न्यूट्रल-अर्थ 1.8. मावशीला टाइलचं दुःख आहे अजून.

माझा प्लॅन इथं संपणार होता, पण मी हट्टानं 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावायला लावली, आणि कूलर लावला की ती खट्कन ट्रिप. पंख्यावर नाही, फक्त पंपाचं बटण दाबलं की. पंप काढून पाहिला: वायर टाकीच्या पत्र्याच्या कडेवर घासून घासून सोलली होती, आतलं तांबं हिरवं पडलेलं. नवा पंप, वायर कडेपासून लांब बांधली. ट्रिप बंद. आज बारावा दिवस, रिस्टार्ट शून्य, काकांचा एप्रिलचा हिशोब पूर्ण.

नवा एसएमपीएस दुकानदार परत घेत नाही, बिल दाखवलं तरी मान हलवते नुसती, तं तो तिथंच राहू देतो. त्या पीसीवर विंडोज काढून लिनक्स मिंट टाकायचं काम पुन्हा लांबलं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला आहे आणि फोर्थ जेनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही, म्हणून करावं तं लागेलच, पण काकांच्या जुन्या फाइली कृतिदेव ह्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्याआधी, हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, ज्या ज्या नातेवाइकांकडे मी फुकटात जातो तिथं आता पेनड्राइव्हच्या आधी मल्टिमीटर नेणार.

थांबा, आधी आमच्याच घरी पाहून येतो.

न्यूट्रल-अर्थ 9. मघा "माझ्या घरी अर्थिंग बरं" लिहिलं ते जरा सांभाळून वाचा. बाबांना विचारलं, आपला खड्डा कुठे आहे, तं म्हणे, "कार उभी राहते नं, तिच्याखाली."